गोळीचे नाव काय?

२०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. परतीच्या पावसाने उघडीप दिली आणि माण तालुक्यात जिकडे तिकडे बाजरीच्या मळणीची घाई उडाली. आमचे गाव दहिवडीपासून फार लांब नाही. निवृत्त झाल्यापासून सुगीच्या दिवसांत मी आठ-पंधरा दिवस तिकडे जाऊन राहतो. कामाला माझा उपयोग शून्य; पण खळ्यावर बसून चहा पिणारा एक माणूस म्हणून मला मान असतो. मळणी यंत्र सुरू झाले की बाजरीचा भुसा अंगावर, डोळ्यांत, नाकात शिरतो. आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, वय एकोणऐंशी. त्यांना दर वर्षी या दिवसांत शिंकांचा सपाटा सुरू होतो. एकामागून एक अशा वीस-पंचवीस शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांची आग. "हे माझं बाजरीचं देणं आहे," असे ते म्हणतात.

या खेपेला पुतण्या बाजारला गेला होता. तात्यांनी त्याला सांगितले, "सर्दीच्या चार गोळ्या घिऊन ये." त्याने आणल्या. सकाळ, दुपार, रात्र अशा दोन दिवस त्या पोटात गेल्या. शिंका थांबल्या हे खरे. तात्या खळ्यावर बसल्या बसल्या पेंगू लागले, तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्या रात्री बारा वाजता मात्र त्यांची लघवी अडली. ओटीपोट दगडासारखे घट्ट, जीव कासावीस. तशाच अवस्थेत त्यांना जीपमध्ये घातले आणि पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी नळी घालून मोकळे केले आणि मग विचारले, "काय औषध घेतलं होतं?"

मी खिशातून चांदीच्या कागदाचा तुकडा काढला. त्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. दुकानदाराने पट्टीतून कात्रीने तेवढ्याच कापून दिल्या होत्या. नाव, मुदत, घटक सारे उरलेल्या पट्टीवर राहिले होते. तेहतीस वर्षे मी बँकेत काढली. सही जुळली नाही म्हणून ओळखीच्या माणसाचा चेक परत पाठवला आहे. कर्जाच्या कागदांत एक उतारा कमी होता म्हणून शेतकऱ्याला तीनदा दहिवडीच्या कचेरीत पिटाळले आहे. तोच मी, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या पोटात दोन दिवस काय जात होते हे सांगू शकत नव्हतो.

सकाळी पुतण्याने दुकानात जाऊन पूर्ण पट्टी पाहिली. तापाचे पॅरासिटामॉल, नाक मोकळे करण्यासाठी म्हणून घातलेले फिनाइलेफ्रिन आणि ॲलर्जीवरचे क्लोरफेनिरामाइन. डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला यातली दोन नकोच होती." तात्यांचा प्रोस्टेट वाढला आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. दुकानदाराला ते ठाऊक नव्हते आणि त्याला कोणी सांगितलेही नव्हते. दोष नेमका कोणाचा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. चौघांत वाटून घ्यावा एवढा तो नक्की आहे आणि त्यातला एक वाटा माझा आहे.

त्याच दिवशी रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या वर्तमानपत्रात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्याची बातमी होती. सर्दी-खोकल्याचे 'कोल्ड्रिफ' नावाचे सरबत प्यायलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावत होती. कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणले होते. मृतांचा आकडा पुढे वीसच्या वर गेला आणि त्यातली बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली होती. तमिळनाडूच्या औषध खात्याने तपासणी केली तेव्हा त्या सरबतात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मी बाटली विष! आणि त्या बाटलीत औषध म्हणून कोणते घटक होते? पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन. तात्यांच्या गोळीतले तेच तीन.

मुले दगावली ती भेसळीमुळे, या घटकांमुळे नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. माझ्या पिढीच्या लोकांना यावरून १९८६ साल आठवेल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले होते, त्यातही हेच द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष लहान मुलांच्या चमच्यात आले. पण भेसळ बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तसा इशारा बाटलीवर छापावा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कंपन्यांना सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की, सर्दी-खोकल्याची औषधे दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. हे किती घरांत पोहोचले? आमच्या वस्तीवरच्या तीन घरांत मी विचारले. एका सुनेने डबा उघडून गेल्या हिवाळ्यातली अर्धी बाटली दाखवली. "ह्येच देतो की आम्ही, काका. बाळ निवांत झोपतं." निवांत झोपते हेच तर त्या औषधाचे दुखणे आहे!

ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये बनवला, पण दुखणे आपल्याला जुनेच आहे. अंगावर गांधी उठल्या की आमची आजी गेरू लावून घोंगडी पांघरायला द्यायची. नाकाच्या शिंकांना नावच नव्हते, तो 'सर्दीचा कोठा' असायचा. माणदेशात धुळीला तोटा नाही. मळणीचा भुसा, कडब्याची कुट्टी, कांद्याची फोलपटे, उन्हाळ्यातली वावटळ, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथावर उधळला जाणारा गुलाल, हे सगळे आमच्या नाकाने सोसलेले आहे. त्यात भर पडली गाजर गवताची. या गवताची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये पुण्याहून केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पुढे ते देशभर पसरले. १९८४ मध्ये त्यावर सोडण्यासाठी मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे बंगलोरला सोडले गेले. तरी दर पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला, पडीक वावरात ते कमरेइतके वाढतेच. त्याच्या परागांनी काहींना शिंका येतात आणि ते उपटणाऱ्या काहींच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या घडीत कातडी जाड होऊन चिरते. यावर गोळी घेऊन थोडी खाज कमी होईल. पण हातमोजे न घालता तेच गवत पुन्हा उपटले तर दुखणे पुन्हा उठेल. कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुने फेडायला लावण्यासारखाच तो प्रकार.

या गोळ्या करतात काय? धूळ किंवा पराग नको असलेल्या पाहुण्यासारखे शरीरात आले की आपल्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. शिंका, खाज, पाणी, गांधी ही सारी त्याची करणी. हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू न देणारी औषधे गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत शोधली गेली. त्या कामातले अग्रणी डॅनिएल बोव्हे यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांच्या दोन पिढ्या आहेत आणि घरात हा फरक सर्वांना माहीत असायला हवा.

जुन्या पिढीत क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन ही नावे येतात. ती मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते. तोंड कोरडे पडते, शौचाला घट्ट होते, दृष्टी धूसर होते आणि वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यांतला दाब वाढण्याचा धोका असतो. म्हातारी माणसे गोंधळतात, रात्री उठताना पडतात. रात्री पडून खुब्याचे हाड मोडले की आपण पायरीला दोष देतो, गोळीची कोणाला आठवणही होत नाही. दुसऱ्या पिढीत सेटिरिझिन, लेवोसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नावे. ती बहुधा दिवसातून एकदा पुरतात आणि गुंगी कमी आणतात. कमी, म्हणजे शून्य नव्हे. सेटिरिझिनने काहींना चांगलीच झोप येते, फेक्सोफेनाडिनने त्या मानाने फारच क्वचित. म्हणून कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घेताना ती रात्री घ्यावी, दुसऱ्या दिवशी आपण कसे आहोत ते पाहावे आणि मगच ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल हाती घ्यावी. मळणी यंत्रात पेंढी सारणाऱ्या माणसाला पेंग येणे म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळीच्या जोडीला तर या औषधांचे नावही काढू नये. फेक्सोफेनाडिन संत्र्या-मोसंबीच्या रसाबरोबर घेतले तर अंगी कमी लागते, ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना सेटिरिझिनची मात्रा कमी लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच घेऊ नये.

नवे ते सगळे सुरक्षित, असेही समजू नये. नव्वदच्या दशकात टरफेनाडिन आणि ॲस्टेमिझोल या गुंगी न आणणाऱ्या गोळ्यांचे केवढे कौतुक होते! आमच्या शाखेतल्या निम्म्या टेबलांच्या खणांत त्यांच्या पट्ट्या असत. काही दुसऱ्या औषधांबरोबर घेतल्यास त्या हृदयाचे ठोके बिघडवतात, असे पुढे दिसून आले आणि २००३ मध्ये आपल्या देशात दोन्हींवर बंदी आली. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणखी एक सूचना दिली. सेटिरिझिन किंवा लेवोसेटिरिझिन महिनोन् महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यास काही थोड्या लोकांना अंगभर भयंकर खाज सुटते. म्हणजे वर्षभर रोज एक गोळी घेणाऱ्याने ती का आणि किती दिवस घ्यायची, हे एकदा डॉक्टरांशी बोलून ठरवणे बरे.

मिश्रणाच्या गोळ्यांबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. ज्याला नुसत्या शिंका आहेत त्याला तापाचे औषध कशाला? अशी गोळी घेणारा माणूस ताप आला म्हणून वर पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतो आणि एकाच औषधाची दुप्पट मात्रा यकृतावर पडते. फिनाइलेफ्रिन पोटातून घेतल्यास बंद नाक मोकळे होत नाही, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने सर्दीच्या गोळ्यांतून ते वगळण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे मात्र ते अजून घरोघर पोहोचते आहे. रक्तदाबवाल्यांनी तर याबाबत सावधच असावे.

नाकात मारायचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे फवारे नाक चटकन उघडतात. पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर औषध ओसरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होते, मग पुन्हा फवारा, पुन्हा बंद. सावकारी व्याजासारखे हे चक्र आहे. माझे एक सहकारी सात वर्षे ती बाटली खिशात घेऊन फिरत होते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जुनी जलनेती, हा बिनऔषधी उपाय अनेकांना मानवतो. मात्र पाणी उकळून गार केलेलेच हवे. अशुद्ध पाणी नाकात गेल्याने मेंदूला होणारा अमिबाचा संसर्ग केरळात २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा आढळला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणी असते, त्या पाण्याने नेती करण्याचे धाडस कोणी करू नये.

यापुढचा धोका सर्वांत मोठा आणि सर्वांत गोड आहे. तो म्हणजे स्टेरॉइड. 'ॲलर्जीची भारी गोळी' किंवा 'लगेच गुण येणारं इंजेक्शन' म्हणून कित्येकदा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन दिले जाते. योग्य रोगात, योग्य मात्रेत ही औषधे जीव वाचवतात. पण दर सुगीला, दर खाजेला ती घेत राहिले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि अचानक थांबवल्यास शरीर कोलमडते. मलमांचेही तेच. नायट्याला लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज जाते आणि नायटा मात्र पसरतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असे ठरवले. नियम झाला, पण गावच्या दुकानात मलम मागणाऱ्याच्या हातात चिठ्ठी मला अजून तरी दिसलेली नाही.

कायदा काय म्हणतो? 'ओव्हर द काउंटर' हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात असा वर्गच आखलेला नव्हता. मे २०२२ मध्ये केंद्राने चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा १६ औषधांचा मसुदा काढला, त्यात डायफेनहायड्रामाइन आणि नाकाचे फवारेही होते. एरवी ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या 'परिशिष्ट जी' मध्ये येतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापावा लागतो. तो इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतो. आणि आमच्यासारख्यांच्या हातात येतो तो तुकडा, ज्यावर तेवढाही इशारा नसतो.

दुकानदारावर सगळे ढकलणे अन्यायाचे होईल. वस्तीवरच्या माणसाला डॉक्टर गाठायचा तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, गाडीभाडे जाते. दोन शिंकांसाठी कोण जाईल? मी स्वतः जाणार नाही. साध्या शिंकांना, अधूनमधून उठणाऱ्या गांधींना जाणत्या माणसाने दुकानातून साधी गोळी घ्यावी यात गैर काही नाही. फक्त बँकेत आम्ही खातेदाराला विचारायचो तसे चार प्रश्न गोळीलाही विचारावेत. तुझे नाव काय? तुझ्याबरोबर आणखी कोण आहे? तुझी मुदत कधी संपते? आणि आमच्या घरातल्या आजारांशी तुझे पटते का? गोळ्या कापून देताना नाव-मुदतीचा भाग आपल्याकडे राहील असे दुकानदाराला सांगावे किंवा पट्टीचा मोबाइलवर फोटो काढावा. बिल मागावे. फार्मसिस्ट दुकानात हजर असणे हे कायद्याचे बंधन आहे, तेव्हा त्याला विचारायला संकोच नको. आणि औषधाने त्रास झाला तर भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येते. आपल्या एका फोनने दुसऱ्या कोणाचे तात्या वाचू शकतात.

एक सीमारेषा मात्र कधीच ओलांडू नये. धाप लागली, छातीत घरघर झाली, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, मधमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शननंतर चक्कर येऊन अंग गार पडले, तर गोळी शोधत बसू नये. तिथे ॲलर्जीची गोळी पुरत नाही, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते आणि मिनिटे मोजावी लागतात. १०८ ला फोन करावा आणि त्याच वेळी जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघण्याची तयारी करावी.

तात्या आठवड्याने घरी आले. आता मळणीच्या दिवशी तोंडाला ओला पंचा गुंडाळून वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्या पिढीची गोळी रात्री घेतात आणि पट्टी संपेपर्यंत पुडीत जपून ठेवतात. परवा त्यांच्याबरोबर बाजारला गेलो होतो. त्यांनी दुकानदाराकडे गोळ्या मागितल्या. त्याने सवयीने कात्री उचलली. तात्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "लेका, नावाकडची बाजू मला दे. माणूस घरात घेताना आपण गाव-नाव इचारतो, ही तर पोटात घ्यायची हाय."